जाड तारेवरची माशी

रविवार, ४ तारीख

आधी जाड्या आला. तोसुद्धा साडेचारला, मी पाय वर घेऊन आडवी झाले होते आणि अंबाडा सुटलेला होता तेव्हा. त्याच्यामागून ती गाणारी. दोघंही जिना चढून इतके दमले होते की आधी पाणी प्यायले आणि मग "काकू, कशा आहात" विचारलं. आठ वर्षांनी आले. मला इतका आनंद झाला की गुडघा दुखतोय हे सांगायचं राहूनच गेलं. ते एरवी मी कुणाला सोडत नाही.

ही वही सुनेने दिली. ती दवाखान्यात काम करते, तिथे उरलेली आहे. रक्तदाबाची गोळी घेतली की लिहायचं, एवढंच काम. गोळी घेतली. आता एवढं मोठं पान कोरं ठेवायचं का? मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर लागतं लोकांना.

तर घंटी तीनदा वाजली. आमचा मुलगा दाराशेजारच्या खुर्चीतच होता. हलला नाही. मीच उठून दार उघडलं. वर मला विचारतो, "कोण आलंय?" बाटल्यांच्या कारखान्यातून येतो दमून, मान्य आहे. पण दमलेला माणूस म्हणजे दगड नव्हे.

पूर्वी ही तिघं मिळून कार्यक्रम करायची. जाड्या ड्रम वाजवायचा, खुर्चीत बसून हातापायांनी. ती गायची. आणि आमचा लांब्या (हे त्यांनी ठेवलेलं नाव, उंच आहे म्हणून) बास गिटार वाजवायचा. ती चार तारांची असते, मोठी आणि जाड आवाजाची. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण थांबली की गाण्याच्या पायाखालची फळी काढल्यासारखं होतं. हे जाड्याचं म्हणणं. आठ वर्षं ती आमच्या कपाटामागे उभी आहे, केरसुणीच्या शेजारी.

जाड्या म्हणाला, "आपला हॉल पाडणार आहेत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शेवटचा कार्यक्रम. लांब्या, तू पाहिजेस."

हा म्हणतो, "सवय गेली माझी."

"एक पोरगा बघून ठेवलाय," जाड्या म्हणाला. "बरा वाजवतो. पण तो तू नाहीस. असं कर, दोन आठवड्यांनी रविवारी आम्ही इथेच येतो. एकदा वाजवून बघू. नाही जमलं तर त्याला सांगतो, तुला त्रास नाही देणार."

जाताना नव्या तारांचं पाकीट टेबलावर ठेवून गेला. गाणारी बिस्किटं खाऊन गेली, बारीक राहायचंय म्हणत सहा.

लांब्या तेवढा वेळ जाड्याच्या तोंडाकडे बघत होता. इतका टक लावून की मलाच संकोच वाटला.

सोमवार, ५ तारीख

गोळी घेतली.

सगळे कामाला गेले, नात शाळेत गेली. मी म्हटलं, पोरगा आज दमून येणार, त्याला कुठे वेळ. गिटार बाहेर काढली. तारा अशा काळ्या झालेल्या, जुन्या तव्यासारख्या. पक्कड घेतली आणि खुंट्या सैल करून चारही काढल्या. दोन निघेनात, त्या कापल्या. लाकूड ओल्या फडक्याने पुसलं आणि मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना शिवणाच्या मशीनचं तेल लावलं. तीस वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवल्या त्या मशीनवर, अजून लोण्यासारखी चालते, ती या तेलावर.

नव्या लावायचं काही जमलं नाही. गिटार भिंतीला टेकवून ठेवली. त्याला आश्चर्याचा धक्का बसू दे.

जाड तारेचा तुकडा बाल्कनीतल्या कुंडीला आधार म्हणून बांधला. चांगला मजबूत आहे.

गुरुवार, ८ तारीख

धक्का बसला.

तीन दिवस त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आज संध्याकाळी बघितलं आणि नुसता उभा राहिला.

"आई, तारा कुठे आहेत?"

"काढल्या. किती जुन्या होत्या."

"वीस वर्षांच्या होत्या त्या."

"म्हणूनच काढल्या."

त्याने डोळे मिटून घेतले. मग कळलं की या गिटारच्या तारा जुन्याच बऱ्या लागतात काही लोकांना. हा त्यातला. मुरल्या होत्या म्हणे त्या. मी काय लोणचं समजायचं तारेला? पण वाईट वाटलं. मी कधी कुणाची वस्तू बिघडवलेली नाही, एक सासूबाईंचा चष्मा सोडला तर.

नव्या तारा लावल्या त्याने. चिमट्यासारखं एक यंत्र असतं, ते गिटारच्या डोक्याला लावायचं. त्याच्यात काटा हलतो, तो मधे आला की सूर बरोबर. काट्याकडे बघत चारही तारा पिळल्या. मग स्पीकरच्या पेटीला जोडून वाजवलं. मी भाजी निवडत होते. आठ वर्षांनी घरात तो आवाज आला आणि माझ्या खुर्चीचे पाय बुजल्यासारखे थरथरले. फार बरं वाटलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक कसलं, आत माशी आहे," मी म्हटलं.

"कसली माशी?"

"बाटलीत अडकल्यासारखी. झ्यां करते. ऐकू येत नाही का तुला? जाड तारेला सगळ्यात जास्त."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता चिडणार. पण त्याने नातीला अभ्यासाला आत पाठवलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. हळूच म्हणाला, "मी एकेक पट्टी दाबून वाजवतो. माशी आली की बोट वर कर."

बारा वेळा बोट वर केलं. मुलाने आईला असं कधी काही विचारलंय का गेल्या दहा वर्षांत? मशीनचा नुसता आवाज ऐकून मी सांगायची की बॉबिन तिरकी बसलीय. ते त्याला आठवत असणार.

शुक्रवार, ९ तारीख

गोळी राहिली. आत्ता घेते.

आज त्याने मला गिटारची मान समजावली. मानेच्या आत लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे ओढते. दोघींचं जमलं की मान हवी तेवढीच वाकलेली. जुन्या तारा जाड होत्या, त्यांची ओढ जास्त. जाड्याने आणल्या त्या बारीक. ओढ कमी पडली, सळई जिंकली, मान मागे गेली आणि तारा पट्ट्यांना घासायला लागल्या. त्यात मी तीन दिवस ती बिनतारांची ठेवली.

"म्हणजे धागा बदलला आणि ताणाचा स्क्रू तोच ठेवला," मी म्हटलं.

तो हसला. "तेच."

"मग स्क्रू फिरव की. एवढा विचार कसला?"

"पाव फेरा फिरवायचा आणि एक दिवस थांबायचं. लाकूड लगेच ऐकत नाही."

वाकडी बारीक किल्ली घालून पाव फेरा फिरवला. मी मशीनचा ताणाचा स्क्रू फिरवायची तसा, अगदी हळू. एवढ्यानेच दमला. सून खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं टाकून. या घरात सगळे इतके थकलेले असतात की कधी कधी वाटतं पाव फेरा आम्हालाच द्यावा कुणीतरी.

रविवार, ११ तारीख

दुसरा पाव फेरा.

माशी बारा जागांवरून सात जागांवर आली. मी पाटीवर खुणा केल्या.

मान किती वाकली ते मोजायची युक्ती अशी: तार पहिल्या पट्टीवर दाबायची, शेवटच्या पट्टीवर दाबायची, आणि मधे फट किती राहते बघायचं. सुनेच्या दवाखान्याचं कार्ड त्या फटीत जेमतेम सरकलं पाहिजे. आज अर्धं कार्डही जात नव्हतं. कार्डावर डॉक्टरचं नाव आणि वेळ आहे, ते रोज वाचून पाठ झालं.

जुन्या तारेची जाडी बघायला हवी होती त्याला. मी कुंडीकडे बोट दाखवलं. तो बाल्कनीत गेला, कुंडीशेजारी बसला, तारेवरून बोट फिरवलं. रागावला नाही. रोप फुलावर आलंय त्या आधाराने.

एक गंमत. वाजवताना तो गिटारच्या वरच्या शिंगासारख्या टोकाला हनुवटी टेकवतो आणि डोळे मिटतो. लहानपणी माझ्या मशीनच्या लाकडी फळीला असाच गाल लावून झोपायचा. सवयी जात नाहीत.

मंगळवार, १३ तारीख

आज भांडण झालं, म्हणजे मी केलं.

नात पंधराची. आवाज शिट्टीसारखा बारीक, माझ्या बहिणीवर गेलीय. शाळेच्या कागदावर बापाची सही हवी होती. रात्रीचं जेवण चालू असताना तिने मान खाली घालून विचारलं, मग पाणी देताना पाठीमागून विचारलं, मग आज सकाळी दारातून विचारलं. हा म्हणे, "हं, छान." कागद कोराच. पोरगी माझ्या अंथरुणावर येऊन रडली. "आजी, मी बाबांना आवडत नाही. त्यांना मी दिसतच नाही."

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझ्याशी तासभर माशीच्या गप्पा मारतोस, आणि पोरीने तीनदा विचारलं तर उत्तर नाही. तुझा बाप असा नव्हता."

"तिने कधी विचारलं?"

"तीनदा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. उठून तिच्या खोलीत गेला, सही केली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण बोलला काहीच नाही. सॉरी म्हणायला जीभ झिजते का? मी आज त्याच्यावर नाराज आहे. तरी तिसरा पाव फेरा झाला, त्याला बोट वर करून साथ दिली, कारण रविवार तोंडावर आलाय.

आता तीनच जागी माशी आहे.

गुरुवार, १५ तारीख

किटली जाळली.

मी नाही, त्याने. शिट्टीची किटली गॅसवर ठेवली आणि दोन हात अंतरावर बसून घोडी खालीवर करत होता. घोडी म्हणजे तारा खालच्या बाजूला ज्यावर टेकतात ते. तिच्यात प्रत्येक तारेला बारीक स्क्रू असतात, ते फिरवून तार उचलायची किंवा उतरवायची. मी समोरच्या शेजारणीकडे गेले होते. तिच्या दारापासून शिट्टी ऐकत आले, मला वाटलं आता बंद करेल, आता करेल. आले तर किटली लाल आणि हा शेजारी शांत. मी गॅस बंद केला तेव्हा दचकला.

"कुठे असतं तुझं लक्ष?"

"तारेत," तो म्हणाला.

सून आली, किटली बघितली, त्याच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही हे मला खटकलं. किटली तिच्या आईने दिलेली. दोघं आत जाऊन बराच वेळ बोलत होती. म्हणजे ती बोलत होती. तिने डोळे पुसले. किटलीसाठी कुणी इतकं रडतं का? थकलीय ती.

शनिवार, १७ तारीख

माशी गेली. कार्ड फटीत सरकलं, बेताचं, चिकटूनच. मी सगळ्या पट्ट्या ऐकल्या, एकदाही बोट वर केलं नाही. त्याने दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "कॉलर उसवून बघ, टाका सापडणार नाही."

मग शेवटचं काम. तार मोकळी वाजवली आणि बाराव्या पट्टीवर दाबून वाजवली तर दोन्ही सूर जुळायला हवेत. नाहीतर खाली बरोबर, वर बेसूर. घोडीवरचा तुकडा केसभर मागेपुढे करायचा. हे काम काट्याकडे बघून होतं, माझी गरज नव्हती. तो एकट्याने करत बसला, आणि आठवड्यात पहिल्यांदा गुणगुणत होता.

झोपायच्या आधी म्हणाला, "आई, उद्या त्यांच्यासमोर माशीबिशी काही काढू नकोस. बोट वर करायचं नाही."

"का? मी काय लाज आणते?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"एवढं ऐक माझं."

ठीक आहे. माझं काम संपलं, मला कोण विचारतंय. गोळी घेतली.

रविवार, १८ तारीख

आज पानं जास्त लागणार. गोळी घेतली, आधीच लिहून टाकते.

सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात याने काय केलं, तर तारा आणखी थोड्या खाली उतरवल्या, बोटांना हलक्या जाव्यात म्हणून. सवय गेलेली, बोटं सोललेली. पण मला हाक मारली नाही. एकट्याने जमतं का ते बघायचं होतं बहुतेक.

जाड्या आज वेळेवर आला, एक छोटा ढोल काखेत घेऊन. गाणारीने माझ्यासाठी मोजे आणले. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, हॉलमधल्यासारखे बूट घालूनच बसले सगळे. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले, हात पदरात गुंडाळून.

पहिलं गाणं छान झालं. लांब्या जाड्याच्या हाताकडे बघत वाजवत होता. दुसऱ्या गाण्यात जाड तारेवर गेला आणि माशी आली. झ्यां. गाणारीने नाक मुरडलं. पुन्हा झ्यां. हा डोळे मिटून, हनुवटी टेकवून, सुखात. मी ओठ चावला. वचन दिलेलं. पण माझ्या आठ दिवसांच्या कामात ती माशी फिरतेय आणि मी गप्प बसायचं, हे काय सोपं आहे?

जाड्याने ढोल थांबवला. "लांब्या, तार घासतेय तुझी."

याने डोळे उघडले आणि तारेकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला लिहिता येणार नाही. शाळेत पहिल्या दिवशी सोडून आले होते तेव्हाचा चेहरा होता.

मग माझं बोट आपोआपच वर गेलं.

त्याने किल्ली काढली, घोडीवरचा स्क्रू थोडा फिरवला, तार वाजवली, माझ्याकडे बघितलं. बोट वरच. पुन्हा फिरवला. वाजवली. मी बोट खाली घेतलं. 

जाड्या म्हणाला, "हे कधीपासून?"

"काय?"

"काकूंकडे बघून वाजवणं."

"तारा बदलल्यापासून," लांब्या म्हणाला. जाड्या हसला, मीही हसले. मग तो खाली बघून म्हणाला, "नाही. त्याच्या आधीपासून. चार वर्षं झाली. कारखान्यात दिवसभर बाटलीवर बाटली आपटते. बारीक आवाज गेले. जाड ऐकू येतात, बारीक नाहीत."

सून दारात उभी होती. तिला माहीत होतं, किटलीच्या दिवसापासून. आणि मी काय काय म्हटलं होतं त्याला. दगड म्हटलं. तुझा बाप असा नव्हता म्हटलं. घंटी, किटली, शाळेचा कागद, एकेक माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि हेही, की मला माझ्या कानाचं कौतुक म्हणून कुणी विचारत नव्हतं.

"त्या पोराला सांगा," तो म्हणाला. "मी उगाच तुमचा वेळ घेतला."

जाड्याने ढोल खाली फरशीवर ठेवला. पायातले बूट काढले, मोजे काढले. ओढत आपली खुर्ची लांब्याच्या खुर्चीला भिडवली. "तुझेही काढ. फरशीवर पाय ठेव. मी मारतो ते तळव्याला लागतंय का?"

"लागतंय."

"मग आणखी काय पाहिजे तुला? मीही जाड, तूही जाडच वाजवतोस. बारीक हिच्यावर सोड, ती सहा बिस्किटं खाऊन बारीक राहते."

गाणारीने त्याला मोज्याने मारलं. पण तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "मी तुझ्यासमोर उभी राहीन, तोंड तुझ्याकडे करून. पाठ लोकांकडे झाली तर झाली. आणि काकू, तुम्ही पहिल्या रांगेत, मधोमध. माशी आली की बोट."

"मला जिना उतरवत नाही," मी म्हटलं.

"मी उतरवीन," जाड्या म्हणाला. मी त्याच्या पोटाकडे बघितलं आणि विश्वास ठेवला.

लांब्या हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. किल्ली हातात फिरवत बसला. तेव्हा नात चहाचा ट्रे घेऊन आली. ती आत सगळं ऐकत होती, नाकाचा शेंडा लाल. त्याच्या पाठीमागे थांबली, मग वळसा घालून समोर आली, आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्यासारखा खर्जातला आवाज काढून म्हणाली, "बाबा. चहा."

त्याने लगेच वर बघितलं. "ऐकू आलं," तो म्हणाला. आणि ती तशाच आवाजात म्हणाली, "साखर कमी आहे. बूट काढा." ट्रे माझ्या हातात देऊन आत पळाली. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

त्याने बूट काढले. मोजा फाटलेला होता, अंगठा बाहेर. मला शरम वाटली. पण त्याने तो पाय तसाच फरशीवर ठेवला आणि जाड तार वाजवली. माझ्या स्टुलाचे पाय थरथरले. माशी नव्हती.

सून त्याला उद्या कान तपासायला नेणार आहे, त्या कार्डावरच्याच डॉक्टरकडे. वेळ मला पाठ आहे, मीच सांगितली. मी फार दमलेय. मोजा शिवायचा राहिलाय. ती दोघं बुधवारी येतो म्हणालेत, सहा वाजता, घंटी न वाजवता. दार उघडंच ठेवायला सांगितलंय.